प्लॅन हॉस्पिटलचा आणि डॉक्टरच बाहेर? आमच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्षसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि सर्व विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलचा पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन तयार झालाय हे आम्हाला गेटवर लागलेल्या फ्लेक्सवरून कळलं. व्हिजन २०३०, चार मजली नवी बिल्डिंग, कॅथलॅब (हृदयाच्या शिरा तपासायची आणि उघडायची खोली), सहा मॉड्युलर ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि खाली तुम्हा सगळ्यांचे फोटो. फोटोंबद्दल काही म्हणणं नाही, जमीन तुमच्या वाडवडिलांनी दिलेली, देणग्या तुम्ही दारोदार फिरून जमवलेल्या, तुमचे नाही लावायचे तर कोणाचे लावायचे. पण नंतर डॉक्टरांच्या ग्रुपवर कोणीतरी त्या प्लॅनची पीडीएफ टाकली, मुंबईच्या कन्सल्टन्सीने केलेली, छान रंगीत, आणि ती वाचून एकेक जण जे लिहायला लागला ते इथे छापण्यासारखं नाही.

त्या पीडीएफमध्ये कोणाकोणाशी चर्चा केली त्याचं एक पान आहे. त्यात विश्वस्त आहेत, सीईओ आहेत, अकाउंट्स आहे, मार्केटिंग आहे, बँकेचे मॅनेजर आहेत, आर्किटेक्ट आहेत. डॉक्टर एकही नाही. सिस्टर तर नाहीतच. इथे वर्षानुवर्षं पेशंट बघणारे फिजिशियन, सर्जन, बाळंतपणं करणाऱ्या मॅडम, रात्रभर जागणारे आरएमओ (हॉस्पिटलमध्येच ड्युटीला असणारे डॉक्टर), यातल्या कोणाला एक फोन नाही. म्हणून हे पत्र. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याच ट्रस्ट हॉस्पिटलांत हेच चाललंय आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये, मला प्लॅन थांबवायचाय. थांबवायचाय म्हणजे कायमचा नाही, आम्हाला विचारेपर्यंत.

मी भूलतज्ञ आहे. आमचं काम असं की सगळ्या सर्जनच्या ओटीत आम्ही, लेबर रूममध्ये आम्ही, आयसीयूत नळी टाकायला आम्ही, आणि मी फक्त तुमच्याकडे नाही तर गावातल्या इतर हॉस्पिटलांत पण जाते, त्यामुळे कुठे काय चालतं आणि कुठे काय नुसतं शोभेला घेऊन ठेवलंय हे आम्हा भूलवाल्यांना जरा जास्तच दिसतं.

आधी एक मूळ गोष्ट, जी त्या पीडीएफमध्ये कुठेच नाही. हॉस्पिटलमध्ये पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे ठरतं डॉक्टरच्या पेनाने. पेशंट ऍडमिट करायचा का गोळ्या देऊन घरी पाठवायचा, वॉर्डात का आयसीयूत, कुठलं अँटिबायोटिक, कुठलं इम्प्लांट, किती दिवस ठेवायचा, पुण्याला पाठवायचा का इथेच लढायचं, हे सगळं केसपेपरवर आम्ही लिहितो आणि अकाउंट्स नंतर त्याची बेरीज करतं. म्हणजे पाच वर्षांचे जे आकडे कन्सल्टन्सीने काढलेत ते खरे होणार का खोटे, हे ज्यांच्या रोजच्या निर्णयांवर अवलंबून आहे त्यांनाच तुम्ही विचारलं नाही. आम्ही काही संप करणार नाही हो, तसं नाही म्हणत मी. पण ज्या मशीनवर डॉक्टरचा विश्वास नाही त्या मशीनवर तो पेशंट पाठवत नाही, आणि हे कुठल्याही सर्क्युलरने बदलत नाही.

आता कॅथलॅब. हा प्लॅनचा सगळ्यात मोठा खर्च, काही कोटींचा, आणि कर्ज त्याच्यासाठीच काढणार आहात. कन्सल्टन्सीचं गणित सरळ आहे, आसपासच्या तालुक्यांची लोकसंख्या इतकी, हार्ट अटॅक इतके, त्यातले इतके टक्के आपल्याकडे आले तर इतक्या अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने बंद शीर उघडणं. कागदावर बरोबरच आहे. पण अटॅकमध्ये शीर उघडण्याचा जो खरा फायदा असतो तो वेळेचा असतो, पेशंट दारात आल्यापासून ९० मिनिटांत फुगा आत फुगायला हवा असं जगभर धरतात. त्यासाठी रात्री दोन वाजता पण कार्डिओलॉजिस्ट, टेक्निशियन, कॅथलॅबची सिस्टर सगळे वीस-पंचवीस मिनिटांत हजर व्हायला लागतात, आणि एका कार्डिओलॉजिस्टने वर्षभर रोज रात्री हे करणं शक्य नाही, किमान दोघं, खरं तर तिघं पाहिजेत. आपल्याकडे कार्डिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा बाहेरून येतात, ओपीडी आणि टूडीइको (हृदयाची सोनोग्राफी) करून संध्याकाळी परत. ते इथे राहायला येणार आहेत का हे त्यांना कोणी विचारलंय? मी विचारलं. लेकरांच्या शाळा तिकडे आहेत म्हणाले.

मग होणार काय, तर मशीन मंगळवार-शुक्रवार चालणार, ठरवून केलेल्या अँजिओग्राफीला, आणि अटॅक मात्र बुधवारी रात्री येणार. कर्जाचा हप्ता मात्र सातही दिवसांचा. वर एक्सरे किरणांसाठी एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स, शिशाच्या भिंती, वॉरंटी संपली की दरवर्षीचं मेंटेनन्स काँट्रॅक्ट, हे सगळं आहेच.

आमच्या फिजिशियननी याच्यावर एक साधी गोष्ट सुचवली असती, विचारलं असतं तर. अटॅक आला की इथेच ईसीजी काढून, तो व्हॉट्सऍपवर कार्डिओलॉजिस्टला दाखवून, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ताबडतोब द्यायचं आणि मग पुढच्या २४ तासांच्या आत मोठ्या सेंटरला चांगल्या कार्डिऍक ऍम्ब्युलन्समधून पाठवायचं. ही गरिबाची तडजोड नाहीये, जिथे दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणं शक्य नाही तिथे गाइडलाइनच हे सांगते. याला लागते एक नीट ऍम्ब्युलन्स, चोवीस तास ईसीजी वाचू शकणारा आरएमओ, इंजेक्शनचा स्टॉक आणि दोन मोठ्या हॉस्पिटलांशी लेखी करार. कॅथलॅबच्या पैशाच्या मानाने काहीच नाही. हे तीन वर्षं चालवा, किती अटॅक येतात ते रजिस्टरमध्ये दिसेल, आणि तेव्हा कॅथलॅब टाकायची तर खऱ्या आकड्यावर टाका, मी स्वतः नारळ फोडायला येते.

अध्यक्षसाहेब, तुम्ही मोंढ्यात आयुष्य काढलंय. सोयाबीनच्या पोत्यात हात घालून ओल बघितल्याशिवाय तुम्ही भाव बोलत नाही. इथे मात्र पोतं न उघडताच सौदा झाला.

बरं, आपल्या भागात व्हेंटिलेटर कोणाला लागतो ते सांगते, कारण पीडीएफमध्ये आयसीयूचं एकच पान आहे आणि त्यात 'प्रीमियम आयसीयू स्वीट' असं काहीतरी आहे. आपल्याकडे पावसाळा लागला की मण्यार चावलेले पेशंट येतात. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, चावल्याचं कळत पण नाही, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि मग श्वास थांबतो. याला अँटीव्हेनम तर लागतंच, पण वाचवतो त्याला व्हेंटिलेटर, काही दिवस मशीनवर ठेवला की तोच माणूस चालत घरी जातो. दुसरा पेशंट म्हणजे फवारणीचं औषध प्यायलेला. त्याचं तर असं की पहिल्या दिवशी सावरल्यासारखा वाटतो, नातेवाईक म्हणतात सोडा घरी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मानेतली ताकद जाऊन श्वास बसतो. हे सगळे तरुण, कमावते, बहुतेक शेतकरी नाहीतर शेतमजूर. व्हेंटिलेटर रिकामा नाही म्हणून यातले किती जण आपण जून ते ऑक्टोबर पुढे पाठवले ते कॅज्युअल्टीच्या रेफर रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, पण ते रजिस्टर कन्सल्टन्सीने मागितलंच नाही, त्यांनी फक्त बिलं बघितली. जो पेशंट परत गेला त्याचं बिल नसतं ना.

आणि व्हेंटिलेटर म्हणजे नुसतं मशीन नाही, प्रत्येक व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर असा हिशोब असतो, बाकी आयसीयूत दोन पेशंटमागे एक. आपल्याकडे रात्री किती असतात ते मेट्रनबाईंना, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखांना विचारा. प्लॅनमध्ये आयसीयूचे बेड दुप्पट केलेत आणि नर्सिंगच्या पगाराची ओळ जवळजवळ तेवढीच ठेवलीय, हे ज्याने लिहिलं त्याने आयसीयूत एक रात्र बसून बघितलेलं नाही.

इथलंच एक उदाहरण देते. विंचू चावून लेकरं मरायची, तेव्हा महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी बसून बघितलं की ही लेकरं नेमकी कशाने जातात, आणि ब्लड प्रेशरची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन, त्याच्यावर चालते हे दाखवून दिलं, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. ते मुंबईतल्या ऑफिसात बसून सुचणारं नव्हतं. आपल्याकडे काही बावस्कर बसलेले नाहीत, कबूल, पण आपल्या भागात काय येतं हे आम्हाला तरी रोज दिसतं.

ओटीचं तर मला बोलायलाच नको, पण बोलते. चारच्या सहा करणार आहात. कशाला? ओटी कमी नाहीयेत साहेब, पहिली केस वेळेवर सुरू होत नाही. लिस्टवर नऊ लिहिलेलं असतं, पेशंट टेबलवर येतो साडेदहाला, कारण रक्ताचे रिपोर्ट आलेले नसतात, संमतीपत्रावर सही झालेली नसते, भुलीची तपासणी आदल्या दिवशी व्हायला पाहिजे ती सकाळी होते, सरकारी स्कीममधल्या पेशंटचं अप्रूव्हल अडकलेलं असतं, नाहीतर सरांची ओपीडी लांबलेली असते. दुपारी तीननंतर चारपैकी दोन ओटी बंद असतात कारण प्रत्येक सर्जनला सकाळच पाहिजे. आणि समजा सहा ओटी बांधल्या, तर भूल कोण देणार? आम्ही इथे नेहमीचे दोघं. दोन माणसं सहा ओटी कशा चालवणार ते मला त्या पीडीएफमध्ये सापडलं नाही, शोधलं मी. एक भुलीची ओपीडी सुरू करा, आदल्या दिवशी सगळे पेशंट तपासून ठेवू, एक ओटी को-ऑर्डिनेटर सिस्टर द्या जिला लिस्ट बदलायचा अधिकार असेल, आणि दुपारची लिस्ट घेणाऱ्या सर्जनला थोडा जास्त शेअर द्या. खर्च जवळपास शून्य, आणि असलेल्या चार ओटीतच भरपूर जास्त केसेस होतील. पण यात भूमिपूजन नाही ना कशाचं.

बिल्डिंगच्या नकाशात लेबर रूम पहिल्या मजल्यावर आणि ओटी चौथ्या. मध्ये लिफ्ट दोन, त्याच लिफ्टने नातेवाईक आणि जेवणाची ट्रॉली. बाळाचे ठोके पडले आणि सिझेरियन तातडीने करायचं ठरलं तर मी लिफ्टचं बटन दाबून उभी राहू का? आमच्या गायनॅक मॅडमनी नकाशा बघितला आणि पहिल्या मिनिटाला हे बोलल्या, आर्किटेक्टला वाईट वाटू नये, त्यांचं काम दिसायला सुंदर आहे, पण त्यांना कोणी सांगितलंच नाही. सोनोग्राफी मशीन नव्या बिल्डिंगला हलवायचंय, पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याखाली जागा बदलायची तर ३० दिवस आधी कळवावं लागतं, ते वेळापत्रकात नाही. ऑक्सिजनच्या लाइनचा, जनरेटरवर काय काय चालणार याचा, आयसीयूतून आग लागल्यावर व्हेंटिलेटरचे पेशंट कुठल्या दाराने काढायचे याचा एक शब्द नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर तरी महाराष्ट्रात कुठल्या हॉस्पिटलचा नकाशा आत काम करणाऱ्या माणसांना न दाखवता पास व्हायला नको होता.

आता जे लिहिणार आहे ते थोडं कडू आहे. प्लॅनमध्ये प्रत्येक कन्सल्टंटला 'कन्व्हर्जन'चं टार्गेट आहे, म्हणजे ओपीडीत आलेल्या शंभरातले किती ऑपरेशनला घेतले. आपण बीडच्या शेजारी राहतो साहेब. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली, गर्भपिशवीच्या ऑपरेशनवर बंधनं आली. दिवाळीनंतर फडावर जायचं, तिथे पाळी आली तरी सुट्टी नाही, खाडा केला की मुकादम पैसे कापतो, अशा बाईला 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' म्हणणं फार सोपं असतं आणि ती हो पण म्हणते. अशा भागात डॉक्टरला ऑपरेशनचं टार्गेट देणं म्हणजे काय हे कन्सल्टन्सीला कळलं नाही तर समजू शकते, तुम्हाला कळलं पाहिजे. आम्हाला विचारलं असतं तर हे पान पहिल्याच मीटिंगला फाटलं असतं. हवं तर उलटं मोजा ना, कितीजणांचं ऑपरेशन टाळलं, कितीजण जखम चिघळून परत आले, कितीजणांना पुन्हा ओटीत घ्यावं लागलं. ते आम्ही आनंदाने देऊ.

तसंच ते 'रेफरल डॉक्टर एंगेजमेंट' नावाचं बजेट. त्याला गावात काय म्हणतात ते तुम्हाला मला दोघांनाही माहितीये. पेशंट पाठवण्याबद्दल पैसे देणं-घेणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत सरळ सरळ मना आहे, आणि यात अडकलं तर रजिस्ट्रेशन डॉक्टरचं जातं, कन्सल्टन्सीचं नाही.

स्कीमच्या पेशंटबद्दल पण एक. प्लॅनमध्ये महात्मा फुले योजना 'लो मार्जिन' रकान्यात टाकून बेड कमी करायला सांगितलेत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून ती सुरू झाली तेव्हापासून गावातला माणूस मोठ्या ऑपरेशनला दार ठोठावू लागला, हे आम्ही बघितलंय, आणि आता तर कव्हर ५ लाखांपर्यंत नेलंय. दर कमी आहेत, पैसे उशिरा येतात, दोन्ही खरं. पण आपले क्लेम का कापले जातात ते बघितलंय का कोणी? बऱ्याचदा ऑपरेशनआधीचा फोटो नाही, एक्सरे अपलोड नाही, नोट्सवर वेळ नाही, डिस्चार्ज कार्डवर निदान एक आणि प्रीऑथमध्ये (आधी मागितलेल्या मंजुरीत) दुसरं. हे डॉक्टर आणि आरएमओने बसून सुधारायचं काम आहे, बेड कमी करून सुधरत नाही. आणि ट्रस्ट म्हणून सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम ४१ कक खाली १० टक्के बेड निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचेच आहेत, पेइंग पेशंटच्या बिलातले २ टक्के त्या निधीत टाकायचेच आहेत, ते प्रीमियम स्वीट वाढवून कुठे जाणार. वकीलसाहेब मंडळात आहेत, ते जास्त सांगतील.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल मॅडम, डॉक्टरांना बोलवलं की काय होतं ते आम्हाला माहितीये. मला पण माहितीये. ऑर्थोवाल्यांना नवीन सीआर्म पाहिजे, लॅप्रोस्कोपीवाल्यांना नवा कॅमेरा, फिजिशियनला आयसीयूचे बेड, बालरोगवाल्यांना एनआयसीयू, प्रत्येकजण आपापलं मशीन घेऊन येतो आणि हॉस्पिटलसाठी काय असं विचारलं की फोनकडे बघतो. मीटिंगला अर्धा तास उशिरा येतात, दहा मिनिटांत इमर्जन्सी म्हणून उठून जातात. ताळेबंद वाचता येत नाही, घसारा (मशीनची किंमत दरवर्षी किती घटली तो हिशोब) म्हणजे काय विचारलं तर गप्प, कारण एमबीबीएसला ना एमडीला कोणी ते शिकवलं नाही. आणि सगळ्यात अडचणीचं, आपल्या काही कन्सल्टंटची रस्त्याच्या पलीकडे स्वतःची हॉस्पिटलं आहेत, मग ते इथल्या प्लॅनवर मत देणार ते कोणाच्या फायद्याचं? हे सगळं खरं आहे आणि हे झाकून ठेवून मी आम्हाला विचारा म्हणाले तर तुम्ही हसाल. ज्यांचं बाहेर काही आहे त्यांनी ते कागदावर लिहून द्यावं आणि त्या विषयापुरतं मत देऊ नये, एवढं सोपं आहे ते. ताळेबंद आम्हाला सीएसाहेबांनी दोन संध्याकाळी बसून समजावून सांगावा, आम्ही ऍनाटॉमी पाठ केलीय, घसारा पण जमेल.

डॉक्टर असले की सगळं छान होतं असंही माझं म्हणणं नाही, डॉक्टरांनी काढलेली आणि डॉक्टरांनीच बुडवलेली हॉस्पिटलं याच गावात दाखवता येतील. पण शेजारी लातूरला विवेकानंद हॉस्पिटल बघा, १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या डॉक्टर मित्रांनी सुरू केलं, संभाजीनगरचं हेडगेवार रुग्णालय १९८९ मध्ये तरुण डॉक्टरांनीच उभं केलं. दोन्हीकडे काय घ्यायचं आणि काय नाही घ्यायचं हे ठरवणाऱ्या टेबलावर पेशंट बघणारी माणसं बसलेली होती. मदुराईचं अरविंद हे डोळ्यांचं हॉस्पिटल तर सगळ्यांना माहितीये, डॉ. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर १९७६ मध्ये ११ बेडवर चालू केलं. तिथे सर्जन एका टेबलावरचं मोतीबिंदू संपवून लगेच बाजूच्या टेबलावर तयार असलेल्या पेशंटकडे वळतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त ऑपरेशन होतात, आणि ही रचना सुचायला ओटीत उभं राहिलेला माणूसच लागतो. डोळ्याची लेन्स बाहेरून महाग पडते म्हणून १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना टाकला. याला म्हणायचं प्लॅन.

तर मला काय पाहिजे ते सांगते. सगळ्या डॉक्टरांची सभा नको, त्यात फक्त भांडणं होतील. सहा-सात जणांचा एक गट करा, त्यात एक सर्जरीकडचा, एक मेडिसिनकडचा, गायनॅक किंवा बालरोग, एक भूल किंवा आयसीयू, आणि एक तरी नुकताच आलेला तरुण कन्सल्टंट घ्या, कारण २०३५ मध्ये इथे तो असणार आहे, मी नाही. मेट्रनबाई पाहिजेतच, आणि एक आरएमओ, रात्रीचं हॉस्पिटल फक्त त्यांनाच माहिती असतं. यातले दोघं तुमच्या मंडळाच्या बैठकीत मताच्या अधिकारासह बसवा, ट्रस्टच्या घटनेत बसत नसेल तर निमंत्रित म्हणून बसवा पण बसवा. पाच लाखांच्या वरचं मशीन या गटाच्या लेखी मताशिवाय घ्यायचं नाही. ते मत तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही, पैसा ट्रस्टचा, जबाबदारी धर्मादाय आयुक्तांपुढे तुमची, शेवटचा शब्द तुमचा. फक्त नाही म्हणाल तेव्हा का नाही ते इतिवृत्तात दोन ओळी लिहा, 'सदर बाबीची नोंद घेण्यात आली' असं नको.

मीटिंग सकाळी अकराला ठेवू नका, अकराला आमची ओपीडी आणि ओटी असते आणि मग तुम्ही म्हणता डॉक्टर येत नाहीत. आकडे आठवडाभर आधी पाठवा. आणि हे बोलायला जरा संकोच वाटतो, पण त्या वेळेचं मानधन ठेवा, थोडं का असेना. कन्सल्टन्सीला जे दिलं त्याच्या एका कोपऱ्यात आमच्या वर्षभराच्या मीटिंगा होतील, आणि मानधन असलं की दहा मिनिटांत उठून जाणाऱ्याला तुम्ही हक्काने विचारू पण शकाल. कन्सल्टन्सीवर माझा राग नाही खरं तर. कर्जाचे हप्ते, बाजार, इतर शहरांतले दर, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं, ते पान मी नीट वाचलं आणि शिकले. त्यांना परत बोलवा, या वेळी तीन दिवस कॅज्युअल्टीत बसवा, त्यातला एक दिवस सोमवार असू द्या, बाजाराचा दिवस.

आणि ऑपरेशनचा सीझन पण त्यांना समजावून सांगू. आपल्याकडे हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध हे ठरवून करायचं काम ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत उन्हाळ्यात होतं, लोक कारखान्यावरून परतल्यावर, हातात पैसे असतात तेव्हा. प्लॅनमध्ये बारा महिने एकसारखे धरलेत. बांधकाम करून निम्म्या ओटी बंद ठेवायच्या तर त्या एप्रिल-मेमध्ये नाही, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठेवाव्या लागतील, आणि वेळापत्रकात नेमकं उलटं आहे.

पुढची बैठक महिनाअखेरीस आहे असं ऐकलं. माझी विनंती एवढीच की त्या बैठकीत कॅथलॅबच्या ऍडव्हान्सचा आणि नकाशा मंजुरीचा ठराव पुढे ढकला, आणि त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊला आम्हाला बोलवा, कॉन्फरन्स हॉल चालेल, चहा सांगितला तर उत्तम. त्या दिवशी मी इमर्जन्सी सोडून लिस्ट घेणार नाही, सर्जन लोकांशी पण बोललेय. ओटी रजिस्टरवरून मागच्या वर्षी पहिली केस किती वाजता सुरू झाली ते मी सिस्टरांबरोबर बसून काढून आणते. तुम्ही अकाउंट्सला कापल्या गेलेल्या क्लेमची यादी कारणांसहित आणायला सांगा, आणि कॅज्युअल्टीचं रेफर रजिस्टर, जून ते ऑक्टोबरचं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्याच हॉस्पिटलची एक भूलतज्ञ